क्वाडकॉप्टरचे उड्डाणदोष

घरी जोडलेला चार पंख्यांचा ड्रोन जमिनीवरून न उठणे, उठताच कोलांटी खाणे किंवा जागच्या जागी गरगर फिरणे, या बिघाडांना उड्डाणदोष म्हणता येईल. मूळ बहुधा दोनपैकी एका ठिकाणी सापडते : जुळणीतली अदलाबदल किंवा उचलीची कमतरता. ड्रोन कसा फसतो, यावरून त्यातले कोणते ते ओळखू येते. हे दोन्ही तपासण्याआधी पीआयडीच्या (ड्रोनचा तोल सावरणाऱ्या गणिताच्या) आकड्यांना हात लावणे म्हणजे नसती आफत. पुढील विवेचन ४५० मिमी कर्णाची फ्रेम, २२१२ आकाराच्या १००० केव्हीच्या (एका व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटरी, १० इंची प्रोपेलर (पंखे) आणि तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी या प्रचलित जुळणीला धरून आहे.

मोटरी सुरूच होत नसतील, तर रिसीव्हरकडून (रिमोटचे संकेत घेणाऱ्या भागाकडून) येणारे थ्रॉटलचे (मोटरींचा जोर ठरवणाऱ्या दांडीचे) किमान मूल्य पाहावे. बीटाफ्लाइट या, ड्रोनच्या नियंत्रक बोर्डावर चालणाऱ्या प्रणालीत ते १०५० च्या खाली नसेल किंवा ड्रोन २५ अंशांपेक्षा जास्त कललेला असेल, तर आर्मिंग (मोटरी फिरायला मोकळ्या करणे) होत नाही.

कोलांटी हा सर्वांत नेहमीचा दोष. फ्लाइट कंट्रोलरला (नियंत्रक बोर्डाला) एक कोपरा खाली गेल्याचे कळते, तो तिथली मोटर वाढवायला सांगतो आणि प्रत्यक्षात वाढते भलतीच. कल आणखी वाढतो व क्षणार्धात ड्रोन उलटतो. मोटरींचे क्रमांक हे याचे एक ठरलेले कारण आहे. बीटाफ्लाइटमध्ये १ मागे उजवीकडे, २ पुढे उजवीकडे, ३ मागे डावीकडे, ४ पुढे डावीकडे. आर्डुपायलट या दुसऱ्या प्रणालीच्या एक्स रचनेत (चार कोपऱ्यांत चार मोटरी) १ पुढे उजवीकडे, २ मागे डावीकडे, ३ पुढे डावीकडे, ४ मागे उजवीकडे. एकाची आकृती पाहून दुसऱ्याच्या तारा जोडल्या की कोलांटी ठरलेलीच. चारही प्रोपेलर काढून संगणकावरून एकेक मोटर फिरवून पाहावी. मग ड्रोन हातात धरून पुढे झुकवावा. पडद्यावरचे चित्रही पुढेच झुकले पाहिजे. ते बाजूला झुकले, तर बोर्ड आडवा बसवला आहे आणि तेवढे अंश सेटिंगमध्ये भरायचे राहिले आहेत. प्रोपेलर नसताना थोडा थ्रॉटल देताच मोटरी आपोआप चढत जातात, तो मात्र दोष नव्हे : ड्रोन हलत नाही म्हणून कंट्रोलर दुरुस्ती वाढवत राहतो.

दोन्ही प्रणालींच्या मूळ सेटिंगमध्ये, वरून पाहता, पुढची डावी व मागची उजवी मोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, उरलेल्या दोन उलट. दिशा चुकली असेल तर त्या मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलून जोडाव्यात. चुकीच्या हाताचा (म्हणजे उलट दिशेने फिरण्यासाठी बनवलेला) प्रोपेलर हवा वर फेकतो; योग्य हाताचा पण पालथा बसवलेला प्रोपेलर हवा खालीच ढकलतो, मात्र उचल बरीच घटते. दुसरी चूक पटकन लक्षात येत नाही. कंट्रोलरच्या समजुतीच्या उलट चारही मोटरी (आणि त्यांना जुळणारे प्रोपेलर) फिरत असतील, तर ड्रोन उठतो, पण गिरकी वाढतच जाते.

एकच कोपरा मागे राहत असेल, तर प्रोपेलरचा नट ढिला आहे का, सोल्डर कच्चे आहे का, मोटरच्या बुडाचा स्क्रू लांब असल्याने गुंडाळीला टेकतो का, हे पाहावे. जुन्या पीडब्ल्यूएम संकेतावर चालणाऱ्या ईएससींचे (मोटरींचा वेग ठरवणाऱ्या नियंत्रकांचे) कॅलिब्रेशन वेगवेगळे झाल्यानेही असे होते. प्रोपेलर काढून, थ्रॉटल पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडावी आणि बीप ऐकू येताच थ्रॉटल तळाशी आणावा. डीशॉट या डिजिटल संकेत प्रणालीत याची गरज नाही.

ड्रोन सरळ राहतो पण उठत नाही, तेव्हा वजनाकडे वळावे. चार मोटरींची मिळून कमाल उचल एकूण वजनाच्या निदान दुप्पट हवी. तरंगत राहायलाच ७० टक्के थ्रॉटल लागत असेल, तर ड्रोन जड आहे किंवा बॅटरी थकली आहे. भरलेल्या तीन सेलच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असतो. उठताना तो १०.५ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी बदलावी.

उंच व उष्ण ठिकाणी, उदाहरणार्थ इंदूरमध्ये, यात हवेचीही भर पडते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की हवेची घनता घनमीटरला १.०५ किलोच्या आसपास येते. प्रमाण मूल्य १.२२५ आहे. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांवर उचल सुमारे १४ टक्के कमी. काठावरचा ड्रोन पहाटे उडतो आणि दुपारी गवतावर घसटत राहतो, त्याचे हे कारण. बडोदे जवळजवळ समुद्रसपाटीला असल्याने तिथे त्याच तापमानाला घट आठ-नऊ टक्क्यांवर थांबते.

चाचणीसाठी गच्ची सोयीची वाटते, पण स्लॅबमधल्या सळ्यांनी होकायंत्र बिघडते. जीपीएसवर स्थिर राहू पाहणारा ड्रोन मग उठताच गोल गोल भरकटतो. मोकळे मैदान बरे. शिवाय इंदूरमध्ये विमानतळ शहराच्या पश्चिम अंगाला असल्याने डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर जागेचा रंग (तिथे उड्डाणाला परवानगी लागते का, ते सांगणारा) आधी पाहावा. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जास्त ते २ किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात मोडतो. वरील जुळणी याच गटातली.