फाटलेले रंध्र : कवटीच्या तळावरील एका नावाची पार्श्वभूमी

कवटी उलटी करून टेबलावर ठेवली की महारंध्र (मज्जारज्जूसाठीचे मोठे भोक), त्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे, टाळूचे हाड आणि दातांची कमान ओळखायला फारसा वेळ लागत नाही. अडखळायला होते ते मधल्या पट्ट्यात. तळाच्या मध्यावरचे स्फेनॉइड हाड, मागचे ऑक्सिपिटल हाड आणि कानाजवळच्या टेम्पोरल हाडाचा पेट्रस नावाचा टणक भाग जिथे एकमेकांजवळ येतात, पण पुरते भिडत नाहीत, तिथे दोन्ही बाजूंना एकेक वेडीवाकडी फट राहते. तिच्या कडा खडबडीत असतात, उजवी-डावी जोडी बहुधा सारखी नसते, आणि शेजारच्या रेखीव लंबगोल छिद्रांच्या मानाने ती हाड मोडून पडल्यासारखी दिसते. हिचेच नाव फोरॅमेन लॅसरम, म्हणजे 'फाटलेले रंध्र'. कवटीच्या तळाचा इतिहास सांगताना या एकाच फटीवर इतका भर देणे काहींना अवाजवी वाटेल. पण या तळाविषयीचे बहुतेक गैरसमज कसे तयार झाले, हे तिच्या नावाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. मेंदूत साचलेला कफ कवटीच्या तळातून गाळून नाकात आणि घशात उतरतो, अशी समजूत पाश्चात्त्य वैद्यकात दीड हजार वर्षे टिकली. नाकाच्या छताशी असलेल्या एथमॉइड हाडाचे नाव 'चाळणीसारखे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, आणि तळाच्या मधोमध खळग्यात बसलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या नावात कफासाठीचा लॅटिन शब्दच आहे. 1543 मध्ये मानवी शरीराच्या सचित्र वर्णनाने जुन्या शेकडो चुका दुरुस्त केल्या, तरी कफाची वाट त्यात कायमच राहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कल्पना मोडीत निघाली. नावे मात्र कोणी बदलली नाहीत.

त्यानंतर तळाच्या छिद्रांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. कोणत्या भोकातून कोणता मज्जातंतू बाहेर पडतो, हा प्रश्न पुढे आला. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 1664 च्या मोजणीत, जुग्युलर फोरॅमेन या महारंध्राच्या बाजूच्या भोकातून एकत्र बाहेर पडणाऱ्या तीन मज्जातंतूंना मिळून 'आठवी जोडी' ठरवले गेले. आज आपण त्यांना नववा, दहावा आणि अकरावा म्हणतो. 1778 मध्ये मेंदूचा तळ आणि तेथून निघणारे मज्जातंतू यांवरील एका प्रबंधात बारा जोड्यांची मोजणी मांडली गेली. तीच आज सर्वत्र चालते, पण इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून जुनी नऊ जोड्यांची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हद्दपार झाली नव्हती.

आता मूळ गुंत्याकडे यायला हवे. त्या काळच्या पुस्तकांत 'फाटलेले रंध्र' एक नव्हते, एकेका बाजूला तीन होती. डोळ्याच्या खोबणीत उघडणारी, आज सुपीरियर ऑर्बिटल फिशर म्हणून ओळखली जाणारी फट ही फोरॅमेन लॅसरम अँटेरियस, म्हणजे पुढचे फाटलेले रंध्र. आजचे जुग्युलर फोरॅमेन हे फोरॅमेन लॅसरम पोस्टेरियस, म्हणजे मागचे. आणि आपण ज्या फटीबद्दल बोलतो आहोत ती फोरॅमेन लॅसरम मेडियम, म्हणजे मधले. तिन्हींना जोडणारा धागा एवढाच, की कोरड्या हाडावर तिन्हींच्या कडा अनियमित दिसतात आणि तिन्ही छिद्रे एका हाडात कोरलेली नसून दोन किंवा अधिक भागांमधल्या फटी आहेत. त्यांतून काय जाते, याच्याशी नावाचा काहीही संबंध नव्हता. पुढच्या फटीतून डोळा हलवणारे मज्जातंतू जातात, मागच्यातून वर सांगितलेले तीन मज्जातंतू आणि मेंदूतले रक्त खाली आणणारी मोठी शीर. मधल्यातून वरपासून खालपर्यंत आरपार जाणारे असे मोठे काहीच नाही. किरकोळ धमनीची एखादी फांदी आणि काही बारीक शिरा, इतकेच.

याचे कारण असे, की जिवंत माणसात ते भोकच नसते. तो भाग तंतुमय कूर्चेने भरलेला असतो. हाडे स्वच्छ करताना मांसाबरोबर ही कूर्चाही निघून जाते, आणि मागे उरते ती पोकळी. ही गोष्ट स्वतः पाहायची असेल तर एक पातळ तार पुरते. कवटी उलटी धरून पेट्रस भागाच्या तळाशी असलेल्या कॅरोटिड मार्गाच्या, म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या हाडातल्या वाटेच्या, गोल तोंडात तार घालावी. ती थोडी वर चढते, मग जवळजवळ काटकोनात वळून पुढे आणि मध्यरेषेकडे सरकते, आणि पेट्रस हाडाच्या टोकाशी बाहेर येते. त्या वेळी फाटलेल्या रंध्रातून वर डोकावले, तर तारेचे टोक त्या फटीच्या वरच्या बाजूला आडवे आलेले दिसते. तार फटीतून खालून वर गेलेली नसते, तिच्या माथ्यावरून गेलेली असते. अंतर्गत कॅरोटिड धमनीचा मार्ग हाच. मधे कूर्चेची जमीन आहे आणि धमनी त्या जमिनीवरून जाते.

1895 मध्ये बाझल येथे शरीररचनेच्या लॅटिन नावांची पहिली सर्वमान्य यादी मंजूर झाली. तोवर सुमारे 50,000 नावे वापरात होती. ती पाच हजारांच्या आसपास आणण्यात आली. त्या छाटणीत पुढच्या आणि मागच्या रंध्रांचे 'फाटलेले' हे विशेषण काढले गेले, आणि त्यांना जागा किंवा त्यांतून जाणारी रचना सांगणारी नावे मिळाली. 'मेडियम' हा शब्दही गळाला, कारण पुढचे-मागचे नसताना मधले म्हणण्यात अर्थ नव्हता. राहिले ते नुसते फोरॅमेन लॅसरम. या निर्णयाचे समर्थन करता येते: नाव रुळलेले होते, आकाराचे वर्णन चुकीचे नव्हते आणि तीन जागी वापरला जाणारा शब्द एका जागी आला. तरीही माझ्या मते ही दुरुस्ती अर्धीच झाली. जी दोन खरोखर रंध्रे होती त्यांचे नाव बदलले, आणि जे रंध्र नाही त्यालाच 'रंध्र' ही उपाधी कायमची बहाल झाली. 1955 आणि 1998 च्या याद्यांनीही ती तशीच ठेवली.

परिणाम पुढे दिसला. 'रंध्र' म्हटल्यावर त्यातून काहीतरी जायलाच हवे, या साध्या अपेक्षेपोटी कॅरोटिड धमनी 'फोरॅमेन लॅसरममधून जाते' असे वाक्य परीक्षेच्या टिपणांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवले गेले. क्ष-किरण चित्रांच्या काळात धमनीचे भाग पाडायची गरज निर्माण झाली तेव्हा गुंता वाढला. 1938 च्या पद्धतीत भागांचे क्रमांक वरून खाली, म्हणजे रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने दिलेले होते. 1996 मध्ये प्रवाहाच्या दिशेने सात भागांची नवी विभागणी आली आणि तिच्यातील तिसऱ्या भागाला, म्हणजे सी-3 ला, 'लॅसरम' भाग असे नाव मिळाले. जुन्या पद्धतीतला सी-3 वेगळ्याच ठिकाणी, धमनीच्या पुढच्या वळणावर होता. नव्या विभागणीच्या वर्णनात धमनी फटीच्या वरून जाते हे स्पष्ट लिहिलेले आहे. पण नाव वाचणारे सगळे वर्णन वाचतात असे नाही.

प्राण्यांच्या शरीररचनेत हे नाव कमी खटकते, हेही नोंदवायला हवे. घोड्याच्या कवटीत फाटलेले रंध्र आणि जुग्युलर रंध्र मिळून एकच लांब मोकळी फट असते. कुत्र्यात तर कॅरोटिड धमनी या ठिकाणी खाली उतरून, वळसा घेऊन पुन्हा कवटीत शिरते. तिथे 'रंध्र' शब्दाला आधार आहे.

नाकातून दुर्बीण घालून कवटीच्या तळावर शस्त्रक्रिया होऊ लागल्यापासून या फटीला नवे महत्त्व आले आहे. टेरिगॉइड मार्ग या स्फेनॉइड हाडातल्या अरुंद वाटेतून जाणाऱ्या मज्जातंतूचा माग काढत मागे गेले की शल्यचिकित्सक नेमका फाटलेल्या रंध्रापाशी पोहोचतो, आणि तिथली टणक, पांढुरकी कूर्चा ही त्याच्यासाठी थांबण्याची खूण असते, कारण तिच्या लगेच वर धमनी असते. कोरड्या हाडावर जिथे काहीच उरत नाही, तिथेच तो हात आवरतो.