रीनेम मारलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नाही: ॲटॉमिक वेगळं, ड्युरेबल वेगळं

फाईल सेफली कशी लिहायची विचारलं की हिंजवडीपासून खराडीपर्यंत कोणीही एकच उत्तर देणार, टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाईलमध्ये लिही आणि रीनेम मार (तिला खऱ्या फाईलचं नाव दे), ॲटॉमिक असतं. असतंच, वाद नाही. पण विचारणाऱ्याच्या डोक्यात बऱ्याचदा दुसरंच असतं, की लाईट गेली तर डेटा राहील का, आणि त्याचं उत्तर रीनेममध्ये नाहीये.

आप्पा बळवंत चौकातलं एखादं पुस्तकांचं दुकान धरा, जूनमधली गर्दी, आणि बिलिंगचा छोटा प्रोग्रॅम दर बिलानंतर स्टॉकची फाईल नव्याने लिहितोय. सरळसोट पद्धत म्हणजे फाईल राईट मोडमध्ये उघडायची आणि सगळं परत ओतायचं. गोची अशी की उघडल्या उघडल्या जुनी फाईल शून्य बाईटची होते, आणि शेवटची ओळ लिहून होईपर्यंत प्रोग्रॅम क्रॅश झाला, डिस्क भरली, किंवा शेजारच्या काउंटरवरचा प्रोग्रॅम नेमका तेव्हाच वाचायला आला, की हातात अर्धवट स्टॉक. म्हणजे दारावरची ‘दुपारी १ ते ४ बंद’ची पाटी पुसून तिच्यावरच नवीन मजकूर लिहायला बसायचं, मधेच आलेल्या गिऱ्हाईकाने काय वाचायचं?

ॲटॉमिक म्हणजे फक्त एवढंच, बघणाऱ्याला एकतर अख्खं जुनं दिसेल नाहीतर अख्खं नवं. पॉझिक्समध्ये (लिनक्स, मॅकसारख्या सिस्टिम ज्याला धरून चालतात ते स्टँडर्ड) रीनेमची ही गॅरंटी आहे, आधीच्या नावावर रीनेम केलं तरी ते नाव मधे एक क्षणही गायब होत नाही, आणि ज्याने जुनी फाईल उघडून ठेवलीय तो निवांत जुनीच वाचत राहतो. पायथनवाल्यांनी ओएस डॉट रिप्लेस वापरावं, कारण ओएस डॉट रीनेम विंडोजवर त्या नावाची फाईल आधीच असेल तर एरर देतं.

अट एकच, दोन्ही नावं एकाच फाईलसिस्टिमवर, ढोबळमानाने डिस्कच्या एकाच भागावर, पाहिजेत. लोक टेम्प फाईल सवयीने सिस्टिमच्या टेम्प फोल्डरमध्ये बनवतात, ते कित्येक लिनक्सवर रॅममध्येच असतं, मग रीनेम एरर देतं, मग कोणीतरी वैतागून पायथनचं शटिल डॉट मूव्ह टाकतो आणि एरर जाते, सगळे खूश. पण वेगळ्या फाईलसिस्टिमवर ते मुकाट्याने कॉपी करतं, म्हणजे ॲटॉमिकपणाही गेला. टेम्प फाईल त्याच फोल्डरमध्ये बनवा, विषय संपला. (परमिशन पण बघा, टेम्प फाईल बनवणाऱ्या एमकेएसटेम्पची फाईल ०६०० ने, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी बनते, उद्या दुसऱ्या युजरला ती वाचताच येत नाही म्हणून बोंब होते.)

आता ड्युरेबल, म्हणजे लाईट गेली तरी डेटा टिकणं. राईट कॉल यशस्वी झाला म्हणजे डेटा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, थोडक्यात रॅममध्ये पोचला, बास. लिनक्सच्या डिफॉल्ट सेटिंगला असा डेटा साधारण ३० सेकंद जुना झाला की मग कर्नल तो डिस्ककडे ढकलतं. तेवढ्यात प्रोग्रॅम मेला, कोणी किल मायनस नाईन मारून तो जबरदस्तीने बंद केला, तरी फरक पडत नाही, कर्नल जिवंत आहे ना. लाईट गेली की मात्र गेलं. यावर इलाज एफसिंक, आणि इथे फ्लशशी गल्लत करू नका, फ्लश प्रोग्रॅमच्या बफरमधून कर्नलपर्यंत नेतो, पुढचा कर्नल ते डिस्क प्रवास एफसिंकचा, त्यामुळे आधी फ्लश, मग एफसिंक. मॅकवर अजून एक भानगड, तिथे साधं एफसिंक ड्राईव्हच्या स्वतःच्या कॅशपर्यंतच पोचवतं, पक्कं हवं असेल तर एफ-फुल-एफसिंक वेगळं मागावं लागतं.

नुसतं एफसिंक करून जागच्या जागी लिहिलंत तर लिहून झाल्यावर ते पक्कं, पण मधेच लाईट गेली तर फाईल अर्धवटच. आणि नुसतं रीनेम, एफसिंक नाही, हे जास्त फसवं, कारण नावाचा बदल डिस्कवर आधी आणि डेटा मागून असं होऊ शकतं. २००९ मध्ये एक्सटी४ ही लिनक्सची फाईलसिस्टिम नवीन असताना हेच झालं, मशीन क्रॅश झालं की डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाईली शून्य बाईटच्या, कारण डिस्कवरची जागा ठरवणंच ते लांबणीवर टाकायचं. एक्सटी४चे डेव्हलपर टेड त्सो यांनी मग कर्नल २.६.३० मध्ये सोय केली, जुन्या फाईलवर रीनेम होताना दिसलं की डेटा लगेच बाहेर काढायचा. पण ही एक्सटी४ची मेहेरबानी आहे, रीनेमचा नियम नाही.

म्हणून क्रम असा, टेम्प फाईल, फ्लश, एफसिंक, रिप्लेस, आणि मग त्या फोल्डरचंही एफसिंक, कारण नाव फोल्डरमध्ये नोंदलेलं असतं. शेवटचं सोडलं तर लाईट आल्यावर फाईल शाबूत पण जुनीच दिसू शकते, आणि गिऱ्हाईक तर बिल घेऊन केव्हाच गेलंय. थंबनेल कॅशसाठी मी एफसिंक करणार नाही, जुन्या हार्डडिस्कवर त्याचा उशीर चांगलाच जाणवतो, बिलासाठी डोळे झाकून करेन. आणि स्टॉक एका फाईलमध्ये, बिलं दुसऱ्या फाईलमध्ये असतील तर दोन रीनेम मिळून ॲटॉमिक होत नाहीत, तिथे हट्ट सोडा आणि एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस घ्या.

एफसिंकने एरर दिली तर त्याच फाईलवर परत एफसिंक मारायचं नाही. लिनक्स एकदा एरर सांगून ती पानं (पेज कॅशमधला तो डेटा) क्लीन, म्हणजे डिस्कवर गेलेली, धरू शकतं, दुसऱ्यांदा विचारलं की सगळं ओके म्हणतं, डेटा कुठेच नसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना २०१८ मध्ये हे नीट कळलं, तेव्हापासून अशी एरर आली की ते रिट्राय न करता सरळ बंद पडतं आणि लॉगवरून परत उभं राहतं. आपल्या प्रोग्रॅमला एवढं करायची गरज नाही, ती टेम्प फाईल उडवा, नवी पहिल्यापासून लिहा, रिप्लेस अजून झालेलं नाही त्यामुळे जुना स्टॉक जागेवर आहे.