न्यूज म्हणजे चार दिशा नव्हेत

सोलापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं एकमेकांना हमखास सांगतात: न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांची खबर. वर्षानुवर्षं तोंडपाठ चालत आलंय, पण खोटं आहे.

न्यू, म्हणजे नवीन, त्याचंच हे अनेकवचन: नव्या गोष्टी. स्पेलिंगही पूर्वी ठरलेलं नव्हतं. १६२२ च्या लंडनमधल्या बातमीपत्रांवर एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं छापलेलं आढळतं. त्यात ई दोनदा येते, मग दिशांचा हिशोब जुळणार कसा? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली. हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.

पोरांनो, लक्षात ठेवायचंच तर हे ठेवा: रूप अनेकवचनी असलं तरी आज तो एकवचनी चालतो, म्हणून ‘न्यूज इज’ बरोबर, ‘न्यूज आर’ चूक.