हिरव्या स्टिकरवरचा ५ चवीसाठी नसतो

फॅमिली ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: लंडनमध्ये हॉटेलच्या दारावर ५ चा स्टिकर असेल तर जेवण एकदम बेस्ट, आणि स्टिकरच नसेल तर तिथे तपासणी झालेलीच नाही.

असं वाटणं साहजिक आहे, पण दोन्ही बरोबर नाही. तो आकडा म्हणजे अन्नाच्या स्वच्छतेचं रेटिंग, ० ते ५ मधलं, ५ सगळ्यात चांगलं. बरोच्या (लंडनमधल्या त्या भागाच्या) काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा अधिकारी बहुतेकदा न कळवता येतो आणि अन्न कसं हाताळतात, जागा किती स्वच्छ आहे, रोजच्या नोंदी ठेवतात का हे बघतो, म्हणजे फ्रिजचं तापमान ८ डिग्रीच्या आत आहे ना, हात धुवायच्या बेसिनला साबण आणि गरम पाणी आहे ना, कच्चं चिकन कोशिंबिरीच्या वरच्या खणात तर ठेवलं नाही ना, असलं सगळं. चव कोणी बघत नाही. नोंदी ढिसाळ असल्या तरी आकडा खाली येतो.

आणि स्टिकर वेल्समध्ये २०१३ पासून लावावाच लागतो, इंग्लंडमध्ये मात्र सक्ती नाही, त्यामुळे दार कोरं असलं तरी तपासणी झालेली असू शकते. सरकारी साइटवर दुकानाचं नाव आणि पोस्टकोड टाका, रेटिंग दिसतं, तपासणीची तारीखही दिसते. मी आधी तारीख बघते, कधीकधी ती दोन वर्षांपूर्वीची असते.