भागायचं की गुणायचं? रोध आणि शक्तीमधला घोळ

जळगावला खोली करून राहायचो तेव्हा आमच्याकडे मातीच्या चकतीची, हजार वॅटची शेगडी होती. एका रात्री खिचडी अर्धी शिजली असताना तिची कॉइल तुटली. जळालेला पाव भाग काढून टाकला आणि उरलेली तार ताणून स्क्रूला बांधली. चोपड्याकडचा जोडीदार खूश: "तार कमी व्हयनी, आते बिल बी कमी यी भो!" बटण दाबलं तर कॉइल नेहमीच्या लाल रंगाऐवजी पार नारिंगी. खिचडी बुडाला लागली आणि चौथ्या दिवशी कॉइल पुन्हा गेली.

रोध (करंटला तारेचा होणारा अडथळा) घटला म्हणजे शक्तीही घटली, असं त्याने धरलं होतं. दोन्ही उत्तरं त्याच दोन आकड्यांतून निघतात, म्हणून ही गल्लत होते. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. त्यांनाच गुणलं की शक्ती, म्हणजे दर सेकंदाला खर्ची पडणारी ऊर्जा, वॅटमध्ये.

आमच्या शेगडीला २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर लागायचे. भागा: साधारण ५३ ओहम. गुणा: १००० वॅट. पाव तार गेल्यावर रोध ४० ओहमवर आला. व्होल्टेज मात्र तेच, त्यामुळे करंट चढून ५.८ अँपिअर झाला आणि शक्ती १३३० वॅटच्या पुढे गेली. तेवढी उष्णता सोसायला तार उलट कमी उरलेली. ती टिकणार कशी?

रोध तारेचा स्वतःचा असतो: लांबी, जाडी, धातू. प्लग काढून ठेवला तरी तो असतोच, मीटर लावून मोजता येतो. शक्ती करंट वाहील तेव्हाच. (जुन्या पिवळ्या बल्बचा रोध मात्र थंड असताना मोजू नका, फसाल. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, थंड असताना जेमतेम ४० च्या आसपास. शेगडीची तार नायक्रोम या मिश्रधातूची, तिचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही.)

संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं तर? चांगल्या शेगडीचे ५३ ओहम तसेच राहतात, करंट ३.४ अँपिअरवर येतो आणि शक्ती ६१२ वॅट. व्होल्टेज पडलं पावापेक्षाही कमी, पण शक्ती गेली जवळजवळ ४० टक्के, कारण व्होल्टेजबरोबर करंटही घटला.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. पाच एचपीची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेत असेल, तर गुणाकारात थ्री फेजसाठीचा १.७३२ आणि पॉवर फॅक्टर (गुणाकारातला किती भाग खरी शक्ती असतो तो आकडा), समजा ०.८५, हेही धरावे लागतात. उत्तर येतं सुमारे ४५८० वॅट. त्यातले ३७३० वॅट, म्हणजे पाच एचपी, शाफ्टला मिळतात. बाकीचे मुख्यतः उष्णतेत जातात. भागाकार करून वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध तर मिळतच नाही, कारण फिरती मोटार आतून उलटं व्होल्टेज तयार करते. पाणी तेवढंच उपसायचं असल्याने व्होल्टेज पडलं की ती करंट वाढवून घेते, आणि वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने चढते. त्याच पडलेल्या व्होल्टेजवर शेगडी नुसती मंदावते, मोटार मात्र जळते. म्हणून स्टार्टरवर व्होल्टेजच्या काट्याइतकंच अँपिअरच्या काट्याकडेही बघावं.