कंटूर वाचता आले की दांड कुठला अन् नाळ कुठली ते घरबसल्या कळतं

सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, पहिल्यांदा बघणाऱ्याला तपकिरी रेषांचा नुसता गुंता दिसतो, पण अख्खा डोंगर त्याच रेषांत असतो. समुद्र 20 मीटर वर चढला असं समजा, पाण्याची कड जिथे टेकेल ती एक रेषा, अजून 20 मीटर चढला की दुसरी. म्हणजे एका रेषेवर कुठेही उभे राहा, उंची तीच, हीच कंटूर, म्हणून तर पुस्तकात तिला समोच्च रेषा म्हणतात.

1:50,000 च्या शीटवर 1 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर, आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे जाड ते जाड 100 मीटर चढ. आता पट्टी लावा. दोन जाड रेषांमध्ये 1 सेंटीमीटर अंतर असेल तर चढ साधारण 11 अंशांचा, आरामात गप्पा मारत जाल, पण तेच अंतर 2 मिलिमीटर भरलं तर सरळ 45 अंश, तिथे हात टेकावे लागणार. कळसूबाईच्या माथ्याभोवती सगळ्यात आतलं कडं 1640 चं आणि शिखर 1646 मीटर, त्या शेवटच्या 6 मीटरसाठी रेषाच नाही, नुसता आकडा.

सह्याद्रीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते रेषांचं टोक. रेषा इंग्रजी व्हीसारखी वळली आणि टोक उंच बाजूकडे असेल तर ती नाळ, म्हणजे डोंगरातली घळ, किंवा ओढा, टोक उताराकडे असेल तर दांड, म्हणजे डोंगराची सोंड. पावसाळ्यात हा फरक कळलाच पाहिजे, कारण दांडावरचं पाणी दोन्हीकडे उतरून जातं आणि नाळेत सगळ्या बाजूंचं गोळा होतं, वरून दगडही तिथूनच येतात.

ही युक्ती जुनी आहे बरं का, 1774 मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराची मोजणी झाली, पृथ्वीचं वजन काढायचं होतं म्हणून, त्या मोजणीवरून पुढे चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीचे बिंदू जोडून डोंगराचं आकारमान काढलं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. दोन रेषांच्या मध्ये 15 मीटरचा उभा कातळटप्पा असला तरी रेषांवरून तो कळणार नाही. मोबाइलवरच्या बऱ्याच कंटूरमागे 2000 सालच्या स्पेस शटलच्या रडारची मोजणी असते, साधारण दर 30 मीटरला एक उंची, त्यामुळे कडा तिथे गुळगुळीत उतार होऊन दिसतो. म्हणून अनोळखी वाट असेल तर पायथ्याच्या वाडीत विचारूनच वर चढा.