नेक्टरिन: लव हरवलेला पीच

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या फळदुकानांत हल्ली नेक्टरिन दिसतं आणि त्याच्यासोबत एक चुकीची माहितीही हमखास कानावर येते: पीच आणि प्लमचा संकर करून म्हणे हे फळ बनवलंय. गुळगुळीत, तांबडी साल पाहून तसं वाटणं साहजिक आहे, पण नेक्टरिन हा निखळ पीचच आहे. प्रजाती एकच, प्रूनस पर्सिका. गुणसूत्रांच्या आठ जोड्याही त्याच. फरक फक्त लवेचा. नेक्टरिन आणि प्लमचा खराखुरा संकर कॅलिफोर्नियात झालेला आहे, पण ते वेगळं फळ आणि त्याला नावही वेगळं.

पीचच्या सालीवरची मखमली लव म्हणजे सालीच्या पेशींतून बाहेर वाढलेले बारीक केस. हे केस उगवायला लावणारं एक जनुक आहे. २०१४ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की नेक्टरिनमध्ये या जनुकाच्या आत डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो. असे तुकडे स्वतःच्या प्रती काढतात आणि त्या प्रती जनुकसंचात कुठेही जाऊन बसतात. पोथी शिवताना मध्येच दुसऱ्या पोथीचं पान शिवलं गेलं तर पुढचा मजकूर लागत नाही, तसंच इथे होतं. प्रथिन धड बनत नाही आणि साल तुळतुळीत राहते.

झाडाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यातली एक शाबूत असली तरी लव येते, म्हणून नेक्टरिनचा गुण अप्रभावी. बाहेरून पीच दिसणारं झाड पोटात एक बिघडलेली प्रत बाळगून असू शकतं. त्याच्या एखाद्या डोळ्यातल्या, म्हणजे फांदी जिथून फुटते त्या कोंबातल्या, पेशीत शाबूत प्रतही निकामी झाली, तर त्या डोळ्यातून फुटलेल्या फांदीला नेक्टरिन लागतं. पीचच्या झाडावर अचानक नेक्टरिन आल्याच्या नोंदी डार्विनने गोळा केल्या होत्या. यात दैवी चमत्कार काही नाही. तासगावच्या द्राक्षबागांत थॉमसन सीडलेसच्या वेलीवर वेगळी फांदी सापडून ‘तास-ए-गणेश’ वाण आला, तोही अशाच डोळ्यातल्या बदलातून.

पैदास करणाऱ्याला मात्र दैवावर विसंबून चालत नाही. जुनी नेक्टरिनं बहुतेक लहान, मऊ आणि पांढऱ्या गराची होती; आकार आणि टणकपणा पीचकडे होता. म्हणून दोघांचा संकर करायचा. शुद्ध, म्हणजे दोन्ही प्रती शाबूत असलेल्या, पीचशी केलेल्या संकराची पहिली पिढी सगळीच्या सगळी लवेची निघते. प्रयोग फसला असं समजून इथेच झाडं उपटली तर सगळं गेलं. त्या झाडांचं स्वपरागण करून दुसरी पिढी घ्यावी लागते, तेव्हा चारात एक नेक्टरिन मिळतं. गर पिवळा हवा असेल तर तोही गुण अप्रभावी आहे. एक आजोबा पांढऱ्या गराचं नेक्टरिन आणि दुसरा पिवळ्या गराचा शुद्ध पीच असेल, तर पिवळ्या गराचं नेक्टरिन सोळात एकच, आणि चव, आकार, टणकपणा यांची निवड त्या एकातून करायची. पैदासकार फ्रेड अँडरसन यांनी कॅलिफोर्नियात असा चिवट पाठपुरावा केला आणि १९४२ साली ‘ले ग्रँड’ हे मोठं, टणक, पिवळ्या गराचं नेक्टरिन बाजारात आणलं. आजच्या व्यापारी नेक्टरिनांच्या वंशावळीत ते वारंवार भेटतं.

आता प्रत्यक्ष संकर. पीचचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, तेव्हा परागकोश फुटण्याआधी ते काढावे लागतात. कळी फुग्यासारखी फुगली आहे पण पाकळ्या मिटलेल्या आहेत, हीच नेमकी वेळ. एक दिवस उशीर झाला तर आतल्या आत स्वपरागण झालेलं असतं. फुलाच्या तळाशी एक छोटा पेला असतो आणि पाकळ्या-पुंकेसर सगळे त्याच्या काठावर बसलेले असतात. अंगठ्याच्या नखाने किंवा खाच पाडलेल्या कात्रीने पेल्याचा काठ कापून वर ओढला की सगळं एकदम निघून येतं आणि मध्ये उरते एकटी कुक्षी, बारीक देठावर उभी. नख खोल गेलं तर अंडाशयाला जखम होते आणि तो दोन दिवसांत तपकिरी पडतो. पाकळ्याच नसल्याने मधमाश्या अशा फुलाकडे सहसा फिरकत नाहीत, त्यामुळे पिशव्या बांधल्या नाहीत तरी बऱ्याचदा चालतं.

पराग आदल्या दिवशीच तयार ठेवायचा. वडील झाडाच्या फुगीर कळ्या चहाच्या गाळणीवर घासल्या की परागकोश खाली पडतात. ते कागदावर पसरून खोलीच्या तापमानाला रात्रभर वाळवले की फुटतात आणि पिवळी पूड मिळते. ऊन किंवा हीटर नको, पराग मरतो. बाटलीत सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवला तर हंगामभर टिकतो. कुक्षीवर तो ब्रशने किंवा बोटाच्या टोकाने लावतात. एका फुलातून एक फळ आणि फळात बहुधा एकच बी. त्यातही बरीच फुलं गळतात. म्हणून काहीशे बियांसाठी हजारो फुलं हाताळावी लागतात.

संकर खरा झाला की नाही, याची सोपी खूण लवच देते. आई नेक्टरिन आणि वडील शुद्ध पीच ठेवायचे. संततीत एखादं झाड गुळगुळीत फळाचं निघालं तर ते बहुधा स्वपरागणाचं, ते बाद.

कोय फोडून आतली बी काढतात, बुरशीनाशक लावून ओलसर वाळूत किंवा मॉसमध्ये ४ ते ५ अंशांवर दोन-तीन महिने ठेवतात. ही थंडी अपुरी पडली तर बी उगवलं तरी रोप खुजं राहतं, पानं वेडीवाकडी आणि गुच्छात येतात. (याच बिया ‘व्हिटॅमिन बी-१७’ म्हणून कॅन्सरवर खायला सांगणारे व्हिडिओ फिरतात. असं कुठलंही जीवनसत्त्व नाही. बियांतल्या अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होतं. कृपा करून खाऊ नका.)

खरी अडचण लवकर पिकणाऱ्या वाणांत येते. पंजाबच्या मैदानात किंवा फ्लोरिडात थंडी कमी, म्हणून ७ अंशांखालचे थोडेच तास पुरणारी झाडं लागतात, आणि फळ पावसाआधी हाती यावं लागतं. फ्लोरिडा विद्यापीठ १९५० च्या दशकापासून यावर काम करतंय. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ‘पंजाब नेक्टरिन’ची शिफारस केली आहे. पण अशा वाणांत गर आधी पिकतो आणि बीतला भ्रूण अर्धवटच राहतो. असं बी वाळूत कुजतं. म्हणून पूर्वी लवकर पिकणारं झाड फक्त वडील म्हणून वापरत. आता फळ पूर्ण पिकण्याआधी काढून कोय निर्जंतुक करतात, भ्रूण पोषक माध्यमावर ठेवतात, तिथेच थंडी देतात आणि मग उजेडात आणतात. भ्रूण फार लहान असेल तर एकटा जगत नाही. तेव्हा अख्खं बीजांड माध्यमावर ठेवतात. त्यामुळे आई-वडील दोघेही लवकर पिकणारे घेता येतात.

रोपांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ येतं. पण पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून लवेचं जनुक तपासलं तर पीच निघणारी रोपं नर्सरीतच काढून टाकता येतात आणि जमीन वाचते. पसंत पडलेल्या झाडाचे डोळे मुळांवरच्या सूत्रकृमींना दाद न देणाऱ्या ‘नेमागार्ड’सारख्या खुंटावर भरतात आणि पुढे कित्येक हंगाम पारखतात. लवेची ढाल नसल्याने फुलकिड्यांनी कोवळ्या फळावर मारलेले ओरखडे पिकल्यावर खरखरीत डाग होतात, पावसात साल तडकते आणि त्या भेगांतून तपकिरी कुजीची बुरशी शिरते.

शेवटची चाळणी शीतगृहाची. ० अंशाला तीन-चार आठवडे ठेवून फळ बाहेर पिकवायचं आणि कापायचं. अनेक देखणी फळं इथे आतून पिठूळ, कोरडी, तपकिरी निघतात आणि वाण बाद होतो. हा बिघाड सर्वांत वेगाने होतो २ ते ८ अंशांच्या पट्ट्यात, आणि घरचा फ्रिज नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणून विकत आणलेलं टणक नेक्टरिन आधी टेबलावर पिकू द्या, फ्रिजमध्ये नंतर ठेवा.